दार ऐकणारा माणूस

सकाळी घाईत गाडीत बसलो आणि दार जोरात ओढून घेतलं. सोसायटीच्या पार्किंगमध्ये फेऱ्या मारणारे शेजारचे सावंतकाका तिथंच थबकले. त्यांनी बाहेरून दार उघडलं आणि मान तिरकी करून पुन्हा लावलं. चिंचवडच्या मोटार कारखान्यात तीस वर्षं त्यांचं हेच काम होतं. तयार झालेल्या प्रत्येक गाडीची चारही दारं लावायची आणि कान देऊन ऐकायचं. आवाज भरीव आला तर गाडी पुढे, पोकळ आला तर परत मागे. आता म्हणे तिथं ऐकायलाही यंत्र बसवलंय. काका मात्र अजून कुठलंही दार वाजलं की थांबतात.

कान देऊन ऐकणारं आता कुणी लागत नाही, हे मला उगाच छळत राहतं. बॅटरीवरच्या नव्या गाड्या तर शेजारून गेल्या तरी कळत नाहीत. दिवसभर आपण इतकी दारं लावतो, त्यातलं एक तरी ऐकतो का?

"बिजागरी सैल झालीय का, काका?" मी घड्याळ बघत विचारलं.

"छे, दार उत्तम आहे," काका म्हणाले. "घरी काही झालं का?"

मी किल्ली परत खिशात ठेवली. तिसऱ्या मजल्यावर मी आपटून आलेलं दार मला आत्ता कुठे ऐकू आलं.