सुनेच्या डाव्या हाताला

बासष्टाव्या वर्षी मला नोकरी लागली. पगार नव्हता आणि काम एकच, सुनेच्या डाव्या हाताला टेम्पोत बसून राहायचं.

हसू नका. खरंच सांगते. सून आमची पेणकडची, मिठागरवाल्यांच्या घरातली. माहेरी बापाचा टेम्पो होता, लायसन तिने लग्नाआधीच काढलेलं. मुलगा माझा पनवेलला कंपनीत, शनिवारी रात्री येतो, सोमवारी पहाटे जातो. घरात आम्ही दोघीच. एक दिवस ती म्हणाली, "आई, मुरुडला पार्सलच्या ऑफिसात ड्रायव्हर पाहिजेत. विचारून येऊ?" मी म्हटलं, विचार की.

ती विचारून आली, चप्पल काढली आणि ओट्यावरच बसली. मॅनेजर म्हणाला होता, गाडी येते ते ठीक आहे, पण बाईमाणसाला एकटं कसं पाठवायचं? उद्या काही झालं तर जबाबदारी कुणाची? घरचं माणूस सोबत असेल तर बघू.

"आणि बाप्यांच्या सोबत कोण असतं?" मी विचारलं.

"कोण न्हाय. मोबाइल असतो."

मग काय, दुसऱ्या दिवशी मी चांगलं लुगडं नेसले, पिशवीत पाण्याची बाटली आणि चार भाकऱ्या घेतल्या आणि कामावर रुजू झाले.

तुम्हाला सांगते, ते वर्ष माझं फार मजेत गेलं. जन्मभर मी एस.टी.त उभी राहून प्रवास केलेला, आता पुढच्या काचेतून समुद्र बघत चालले होते. नारळाच्या वाड्यांमधल्या बारीक रस्त्यांनी ती टेम्पो अशी न्यायची की दोन्हीकडच्या कुंपणाला धक्का नाही. तरी माझा उजवा पाय आपोआप खाली दाबला जायचा. प्रत्येक वळणावर मी ब्रेक मारायची. ब्रेक तिच्याकडे, मारायची मी. ती म्हणायची, "आई, पत्र्याला भोक पडेल."

पत्ते सापडायचे ते माझ्यामुळे, हे मात्र ती कबूल करते. आमच्याकडे पत्ता म्हणजे काय, टाकीजवळ, मशिदीमागे, पायरीवर तुळस असलेलं घर. मोबाइल तिथे नुसता गोल फिरत राहतो. मला सगळी घरं ठाऊक. कुणाची लेक कुठे दिली तेही ठाऊक. भर दुपारी बायका घरात एकट्या असल्या तरी आम्हाला बघून दार सताड उघडायच्या. एक म्हातारी तर म्हणाली, "तो दुसरा येतो तेव्हा मी खिडकीतूनच बोलते." नाक्यावरच्या चहावाल्याने माझं नाव कंडक्टरीण ठेवलं. "काय कंडक्टरीण बाय, आज तिकीट कुठवर?" मी म्हणायची, "तुझ्या सासरवाडीपर्यंत."

पण सगळी मजा माझी होती. तिची नव्हती. ती बदली ड्रायव्हर होती. कुणी रजेवर गेलं की त्याच्या जागी हिला बोलवायचे, नाहीतर गावातल्या गावात लिफाफे वाटायला. स्वतःच्या नावाचा रूट तिला मिळत नव्हता. तिच्यानंतर लागलेल्या दोघांना मिळाले. एकाला तर टेम्पो धड वळवता यायचा नाही, त्याने ऑफिसच्या गेटचा खांब वाकवला होता. तो खांब अजून वाकडा आहे. पण रूट त्याला होता. संध्याकाळी ती भांडी घासायला बसली की भांड्यांच्या आवाजावरून मला तिचा राग कळायचा.

मग दिघीचा रूट मोकळा झाला. आगरदांड्याहून फेरीबोटीने टेम्पो खाडीपलीकडे न्यायचा, तिकडची गावं करून परत यायचं. हिने मागितला. मॅनेजर म्हणाला, "बोटीवर गाडी रिव्हर्समध्ये, उलटी चढवावी लागते. बायकांचं काम न्हाय ते. पण एक दिवस जाऊन बघा."

गेलो. आगरदांड्याला बोट लागली, तिचा गाड्या चढायचा लोखंडी फळा धक्क्यावर टेकला. उतार, शेवाळ, दोन्ही बाजूंना पाणी. त्या वेळी भरतीचं पाणी फळ्याला खाली-वर करत होतं. आणि बाई गाडी चढवणार म्हटल्यावर जेट्टीवरचे सगळे बाप्ये विड्या टाकून बघायला उभे. तिने आरशात बघितलं, गियर टाकला. मागचं चाक फळ्यावर आलं आणि फळा करकरला.

आणि मी ओरडले. "थांब गो!" दार उघडून उतरले आणि बोटीवरच्या म्हाताऱ्या खलाशाला हात जोडले, "बाबा, तेवढी गाडी चढवून दे. पोरीला जमायचं न्हाय."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग उतरली. खलाशाने गाडी चढवली. खाडी ओलांडेपर्यंत ती कठड्याला धरून उभी होती, पाठ माझ्याकडे.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात बातमी आमच्या आधी पोचली होती. दिघीचा रूट गेटचा खांब वाकवणाऱ्याला दिला.

त्या दिवशी जेवताना ती म्हणाली, "आई, मिठागराच्या बांधावर गाडी वळवायला जागा नसते. मिठाच्या गोणी भरायच्या तर अख्खा बांध उलटंच जावं लागतं. मी सुलटं नंतर शिकले, उलटं आधी." मग म्हणाली, "तुम्ही मला विचारायचं तरी."

मी ताट बाजूला सारलं. वर्षभर मी त्या मॅनेजरला नावं ठेवत होते आणि धक्क्यावर त्याचं काम मीच करून आले होते.

सकाळी मी एकटी ऑफिसात गेले. म्हटलं, "साहेब, गाडी तिला जमली न्हाय असं झालंच न्हाय. तिला चढवूच दिली न्हाय. मीच तिला खाली उतरवलं."

"मावशी, तुम्ही घरच्या असून तुम्हाला भरवसा न्हाय. मग आम्ही कुठून आणायचा?"

बरोबर बोलला. लागलं मला. पण म्हटलं, "मी घाबरले कारण मला गाडी येत न्हाय. ज्याला येते त्याला विचारा. तो खलाशी काय म्हणतो ते ऐका."

तो हसला, पण म्हणाला, सोमवारी दिघीवाला रजेवर आहे, बदली म्हणून न्या.

सोमवारी मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले आणि पदराचं टोक दातात धरलं. परत तोच उतार, तेच बाप्ये. तिने एकदाच मागे मान वळवून बघितलं. मग टेम्पो असा सरळ मागे गेला, जशी मी घरात न बघता चुलीजवळ जाते. फळा करकरला, मी पदर चावला. खलाशाने पत्र्यावर दोनदा थाप मारली. बस.

मग खिडकीशी येऊन मला म्हणाला, "आजी, त्या दिवशी मी चढवली तेव्हा दोन वेळा पुढे घ्यावी लागली होती. तुम्ही बघितलं न्हाय वाटतं." आणि हे त्याने मॅनेजरलाही फोनवर सांगितलं, मी न सांगता.

रूट मिळाला, पण पुरता नाही. आठवड्यातले तीन दिवस तिचे, तीन त्या खांबवाल्याचे. मॅनेजर वर म्हणाला, "मावशी सोबत असतीलच."

"मी येणार न्हाय," मी म्हटलं. "तुमच्या दुसऱ्या गाडीत कुणाची आई बसते?"

त्याने रजिस्टरात तिचं एकटीचं नाव लिहिलं. सून माझ्याकडे बघत होती. तिला हे मी आधी सांगितलं नव्हतं.

आता माझ्या जागेवर पार्सलं असतात. मी भाकऱ्या बांधून देते, पत्ता सापडला नाही तर ती फोन करते. बाकीचे तीन दिवस ती मागतेच आहे. सकाळी ती टेम्पो गल्लीतून मागे घेत बाहेर काढते तेव्हा मी ओट्यावर बसलेली असते. कोपऱ्यावरच्या फणसाजवळ आली की माझा उजवा पाय अजून खाली दाबला जातो. तिला ते आरशात दिसतं. एकदा हॉर्न वाजवते आणि जाते.