वरच्या गल्लीची टाकी

लढाईच्या वर्षांत मी नगरला पालिकेच्या पाणीखात्यात फिटर होतो. राहायला आमच्या पेठेतल्या वरच्या गल्लीत होतो. गल्लीच्या टोकाला उंचवट्यावर जुनी दगडी टाकी होती आणि खाली उतारावर विहिरीजवळ इंजिनघर. सकाळी इंजिन सुरू झालं की टाकी भरायची आणि गल्लीतल्या नळकोंडाळ्याला पाणी यायचं. इंजिन चालवणारे चाचा साठीच्या पुढचे. पंपाला तडा गेला होता, त्यावर त्यांनीच लोखंडी पट्टी ठोकून बसवली होती. टाकीचा चुना सुटला होता. निम्मं पाणी भिंतीतूनच झिरपून जायचं.

शेवटी पालिकेनं नवा पंप आणि नवी लोखंडी टाकी मंजूर केली. पण उंच जागा तेवढी एकच. तिथं नवी बांधायची तर जुनी आधी पाडायला हवी. ओव्हरसीयर मला म्हणाले, "तू तिथलाच आहेस. लोकांना समजावून सांग."

मी घरोघर गेलो. शेवटच्या घरात एक विधवा बाई राहायच्या, लोकांना भाकऱ्या करून द्यायच्या. त्यांनी विचारलं, "किती दिवस लागतील?"

"दोन महिने, वहिनी."

हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. मी आपल्या मनानं सांगितलं.

"तुम्ही म्हणताय तर असेल," त्या म्हणाल्या.

चाचांना मात्र ते पटलं नाही. "पत्रे आले का टाकीचे?"

"येतील की."

"मग आल्यावर पाडा. गळती हाय, पन पानी तर हाय."

मी चिडलो. "चाचा, तुम्हाला तुमच्या नोकरीची काळजी आहे," असं बोलून गेलो. ते कापडाला हात पुसत इंजिनाकडं वळले.

टाकी चार दिवसांत जमीनदोस्त झाली. पत्रे आले नाहीत. लढाईमुळं लोखंड कुठं मिळत नव्हतं. कचेरीतून पत्रं जात होती, उत्तरं येत होती, आणि बायका घागरी घेऊन उतार उतरत होत्या. माझी बायकोही त्यांच्यात होती. विहिरीजवळ मला पाहिलं की बायका बोलायचं थांबवत.

चाचांनी टाकीवाचून थेट नळांत पाणी सोडून पाहिलं. आठ दिवस बारीक धार आली. नवव्या दिवशी पट्टीखालचा तडा फुटून पंप दुभंगला. इंजिन बंद, म्हणून चाचांचं कामही बंद. पालिकेनं त्यांना घरी बसवलं.

त्या उन्हाळ्यात भाकरीवाल्या बाई उतारावर घसरल्या. उजवा हात मनगटात मोडला, तो सरळ बसलाच नाही. भाकरी थापता येईना. राहुरीहून त्यांचा भाऊ गाडी घेऊन न्यायला आला. मी निरोप द्यायला गेलो. गाडीत बसता बसता त्यांनी विचारलं, "आले का हो पत्रे?" त्यांच्या आवाजात राग नव्हता. मी नाही म्हणालो.

लढाई संपल्यावर वर्षभरानं टाकी उभी राहिली, दगडी खांबांवर, जुनीपेक्षा बरीच उंच. पंप मात्र मिळेल तो आणलेला, मळ्याच्या विहिरीवर वापरलेला. सुरू करायच्या दिवशी मी चाचांना हाताला धरून आणलं. त्यांना नीट दिसत नव्हतं. त्यांनी पंप हातानं चाचपला, टाकीच्या उंचीचा अंदाज विचारला.

"हे पानी वर चढत न्हाई, बेटा."

पाणी खरंच चढलं नाही. उभ्या पाइपात दोन तृतीयांश गेलं आणि तिथंच राहिलं. संध्याकाळपर्यंत आम्ही खटपट केली. मग ओव्हरसीयर म्हणाले, "वाया कशाला घालवायचं? खालच्या गल्ल्यांना सोडा." दुसऱ्या दिवशी व्हॉल्व्ह मीच फिरवला.

मोठा पंप हवा, असा अर्ज मी दोनदा दिला. विचार केला जाईल, असं दोन्हीदा लिहून आलं. चाचा त्याच हिवाळ्यात गेले. माझ्या त्या बोलण्याबद्दल मी त्यांची माफी मागितली नव्हती. आज मागू, उद्या मागू, असं म्हणत राहिलो.

वरच्या गल्लीतली घरं एकेक करून रिकामी होऊ लागली. आम्हीही खालच्या गल्लीत एक खोली घेतली. पहिल्या सकाळी दारासमोरच्या नळाला जोरात पाणी आलं. बायकोनं घागर लावली आणि म्हणाली, "आपल्याला तरी मिळालं."

मी कामावर निघून गेलो.