दारावरचा ओरखडा

गाडीच्या दारावर हँडलपासून मागच्या चाकापर्यंत एक लांब ओरखडा आहे. बाबा रोज सकाळी फिरून येताना तो जणू पहिल्यांदाच बघतात आणि माझ्या वतीने संतापतात. "कुणाचे हे उद्योग? पोलिसांत तक्रार दे, विम्याचा क्लेम कर!"

उद्योग त्यांचेच आहेत. घराच्या किल्लीने गाडीचं दार उघडेना म्हणून ते चिडले होते. मी गॅलरीतून पाहिलं, पण खाली पोचेपर्यंत उशीर झाला होता. अलीकडे त्यांचं विसरणं फार वाढलंय.

विमा एजंट म्हणाला, "कुणी मुद्दाम केलं असेल, तर तक्रारीची प्रत लागेल."

तक्रार कुणाविरुद्ध देऊ? अज्ञात इसमाविरुद्ध? बाबा स्वतःलाच अनोळखी होत चाललेत, पण मी त्यांना अज्ञात कसं म्हणू? खरं सांगितलं तर तेही ते विसरतील. मात्र विसरेपर्यंतचा त्यांचा चेहरा मला बघवणार नाही.

आज ते फारच मागे लागले, तेव्हा म्हणालो, "बाबा, माझ्याच हातून फाटकाला घासली. क्लेम नको करायला."

ते एकदम शांत झाले. मला गाडी शिकवणारे बाबा कितीतरी दिवसांनी समोर उभे होते. पाठीवर हात ठेवून म्हणाले, "होतं असं. घाबरू नकोस. चावी दे इकडे, ऑफिसला मी सोडतो तुला."

त्यांनी हात पुढे केला. मी खिशातली चावी मुठीत घट्ट धरून तसाच उभा राहिलो.