सातोसानच्या गावचा किल्ला

"बाबा, कम अप! फास्ट!" बहारीनमधल्या अराद किल्ल्याच्या बुरुजावरून लेक ओरडत होती आणि खाली माझे गुडघे कुरकुरत होते. एकदम सातोसान आठवले, आमच्या इथल्या वर्कशॉपमधले जपानी इंजिनिअर.

ट्रेनिंगला जपानला गेलो, तेव्हा सुट्टीच्या दिवशी त्यांनी मला आपलं गाव पायी फिरवलं. त्यांनी खंदक दाखवला. मी म्हटलं, आमच्या रत्नागिरीच्या किल्ल्याला खंदक म्हणून अख्खा समुद्र आहे. त्यांनी देवळातली घंटा दाखवली. मी म्हटलं, आमची वाजली की आफ्रिकेतली गुरं दचकतात. ते आपले वाकून "असं का!" म्हणायचे.

मग आला पांढराशुभ्र, पाच मजली किल्ला. "किल्ले चढावेत ते आम्हीच!" म्हणत मी जिन्याकडे धावलो. रत्नागिरीची अब्रू पणाला लागली होती! तिसऱ्या मजल्यावर माझा जीव मला सोडून पुढे गेला. भिंतींना सिमेंटचा वास होता, हे आज आठवतं. तेव्हा शुद्ध कुणाला होती?

वर पोचलो तर सातोसान आधीच उभे. कपाळावर घामाचा थेंब नाही, हातात माझ्यासाठी गार चहा.

धापा टाकत मी त्या दिवसातला पहिला प्रश्न विचारला, "सातोसान, ही कुठल्या सामुराईची विद्या?"

"किल्ला महायुद्धात जळाला," ते म्हणाले. "परत बांधताना लिफ्ट बसवली."