सत्काराचा झेंडू

कृतज्ञता हा माणसाचा खरा दागिना आहे. वडिलांच्या निवृत्तीच्या सत्कारात हे वाक्य मी तीन वक्त्यांकडून ऐकलं, आणि तिघांनाही ते पहिल्यांदाच सुचलं होतं. राणीसावरगावच्या शाळेत भूगोल शिकवून थकलेले वडील गळ्यात झेंडूचे हार घालून शिंकत बसले होते. झेंडूच्या वासानं त्यांना कायम शिंका यायच्या. तिसऱ्या वक्त्याला वाटलं, सरांना गहिवरून आलं.

कार्यक्रम संपल्यावर आईनं सगळे हार खताच्या रिकाम्या पोत्यात भरले.

"अगं, लोक बघायलेत," वडील दबक्या आवाजात म्हणाले.

"बघू द्या की. दसऱ्याचं तोरण मी कदी फेकलंय का? वाळवायचं अन् पेरायचं."

हार गच्चीवर वाळले. जूनमध्ये आईनं ते कुस्करून दारापुढच्या वाफ्यात पेरले. तेव्हापासून दरवर्षी तिथं झेंडू असतो. गल्लीतल्या बाया विचारून नेतात, न विचारताही नेतात. वडील सकाळचा चहा नाकाला रुमाल लावून त्याच्यासमोरच घ्यायचे. एकदा मी त्यांची खुर्ची लांब सरकवली, तर माझ्यावरच खेकसले.

वडील, आमचे नाना, गेले. यंदा भावानं गाडी घेतली आणि ती उभी करायला वाफ्यावर सिमेंट टाकायचं ठरवलं.

"चार कुंड्या आणू की, माय," तो आईला म्हणाला. मिस्त्री घमेलं घेऊन दारात उभाच होता.

मी वाफ्यात जाऊन बसले. भाषणांची मला चीड आहे, तरी केलं. "दादा, हा नानांच्या गळ्यातला झेंडू आहे. सिमेंट टाकायचंच असेल तर आधी माझ्यावर टाक."

भावाचे डोळे भरून आले. मिस्त्रीनं घमेलं खाली ठेवलं. मला मनातून जरा बरं वाटलं.

संध्याकाळी आई ओसरीवर शेंगा फोडत होती. वर न बघता म्हणाली, "त्या हारांचं एक बी उगवलं न्हाई."

"म्हणजे?"

"बाजारचा झेंडू कोवळाच तोडतेत. त्यात बी कुठून भरणार? पंधरा दिवस वाट बघितली, मग शेजारणीकडून रोपं आणली."

"नानांना माहीत होतं?"

"त्यांनीच तर पाणी घातलं रोपांना. शिंकत शिंकत."

"मग सकाळी बोलली का नाहीस?"

"तू लय छान बोलायली होतीस. मधी कशाला तोंड घालू?"

भावाला मी हे सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. ज्या फुलांनी रोज शिंका आल्या त्यांना वडिलांनी स्वतः पाणी घातलं, एवढं मला पुरतं. गळ्यातल्या हारांचं काय, ते कुणीही घालतं.

वाफा जागेवर आहे. गाडी रस्त्यावर उभी असते, आणि दुपारी तिच्या टपावर शेजारणीची शेळी बसते.