टॅलाचा करडा

ठसेवाल्या वहिनींच्या फ्रिजमध्ये भाजीच्या कप्प्यात भाजी कधी नसायची. तिथे ओलसर जपानी कागद प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवलेले असत. त्यांचे यजमान, डॉक्टर, डब्लिनच्या टॅला उपनगरातल्या हॉस्पिटलातून दमून येत आणि कोथिंबीर शोधत बसत. मी तेव्हा शेजारी राहायचो आणि त्यांची बाजू घ्यायचो, त्यामुळे उत्तर मला मिळायचं. "भाऊजी, कोथिंबीर वाळली तर दुसरी मिळते. कागद वाळला तर छपाई बोंबलली!"

लग्नाआधी वहिनी पुण्याहून क्योटोला जपानी भाषा शिकायला गेल्या. दुभाषी व्हायचं, असं घरचं गणित. वहिनी मात्र लाकडी ठशांच्या छपाईतच अडकल्या. तिथले म्हातारे गुरू, वहिनींचे सेन्सेई, पहिल्याच दिवशी म्हणाले, "परदेशी लोक येतात, फोटो काढतात, जातात." ते वहिनींना फार लागलं. तेव्हापासून त्या दरवर्षी एक चित्र त्यांना पाठवत, आणि ते चुकांभोवती लाल गोल काढून परत येई. डब्लिनमध्ये प्रदर्शनं झाली, कौतुक झालं, पण वहिनी म्हणत, "सेन्सेईंनी हो म्हटलं, की मग मी छपाईवाली."

एकेका रंगाचा वेगळा ठसा, आणि प्रत्येक प्रत हुबेहूब हवी. मी कॉम्प्युटरवाला, मला सगळ्या सारख्याच दिसत. "तुम्ही कॉपी-पेस्टवाले, तुम्हाला काय कळणार!" हे ठरलेलं.

एका वर्षी त्यांनी मागच्या अंगणातली कपड्यांची दोरी छापायला घेतली. लेक म्हणाली, "इट्स ग्रँड, मम्मी, बट दोज आर माय सॉक्स!" मोजे जमले, वरचं आभाळ जमेना. करडा रंग ठशावर भराभर वाळायचा. वहिनींनी हीटर बंद केला, खिडक्या सताड उघडल्या आणि टॅलाची दमट हवा घरात घेतली. आम्ही कुडकुडलो. करडा मात्र अलगद विरत गेला.

चित्र क्योटोला गेलं ते परत येईना. वहिनींचं जेवणावरचं लक्ष उडालं. "गोल काढायच्याही लायकीचं नसेल हो."

एका रविवारी आम्ही पोहे खात असताना फोन आला. खुद्द गुरूंचा. वहिनी ताडकन उठल्या आणि फोनवरच कमरेत वाकल्या. बोलणं संपलं तेव्हा रडत होत्या.

"चित्र त्यांनी स्वतःच्या कारखान्यात लावलंय. आणि मला विचारतायत, हा करडा कसा केलास?"

डॉक्टरांनी चष्मा काढून डोळे पुसले. मला इतका आनंद झाला की मी ओरडलोच, "मग सांगितलंत का?"

"छे! म्हटलं, सेन्सेई, क्योटोत बसून नाही जमायचं. टॅलाला या, शिकवते."