सबनीसांचे चार तास

सबनीसांनी पहिल्या भेटीत माझं नाव विचारलं नाही. "रोज किती तास झोपता?" एवढंच विचारलं. मी आदल्याच दिवशी मुंबईच्या बोटीतून कुवेतला उतरलो होतो. "सात," मी म्हणालो. त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "मी चार. उरलेले तीन तुम्ही रोज उकिरड्यावर फेकता."

साठ सालाच्या सुमाराची ही गोष्ट. कुवेत शहराच्या मिरकाब भागात एका बांधकाम कंपनीच्या कचेरीत सबनीस हेडक्लार्क होते आणि मी टायपिस्ट. बुद्धी बेताची, इंग्रजी त्याहून बेताचं, म्हणून माणसानं मिरवायला न झोपणं निवडलं होतं. "झोप ही बिनकामाच्या माणसाची चाकरी," असं ते येताजाता ऐकवत. डोळे सदा तांबारलेले, डावी पापणी फडफडत असायची. बहरीनचं पत्र बसऱ्याला धाडायचे आणि चूक माझ्या नावावर घालायचे. स्वतःच सांगितलेला मजकूर तासाभरानं विसरून "हे कोणत्या गाढवानं लिहिलं?" म्हणून ओरडायचे. ते गाढव कोण, हे कचेरीत सगळ्यांना ठाऊक होतं.

उन्हाळ्यात दुपारी सगळं कुवेत झोपायचं. दुकानांची दारं लागत, मालकापासून हमालापर्यंत सगळे आडवे होत. तिथले लोक त्याला कैलूला म्हणत. सबनीस त्याला आळस म्हणत. त्या वर्षी आमचा इंजिनियर रजेवर गेला आणि लॉऱ्यांचा कारभार सबनीसांच्या हाती आला. त्यांनी पहिल्याच दिवशी ड्रायव्हरांची दुपारची विश्रांती बंद केली.

आमचा सिमेंटच्या लॉरीचा ड्रायव्हर इब्राहिमभाई, रत्नागिरीकडचा. पहाटेच्या नमाजानंतर निघायचा. पत्र्याच्या खोलीत रात्री उकाड्यानं डोळा लागत नसे, म्हणून दुपारची झोप हीच त्याची खरी झोप. चौथ्या दिवशी तो टेबलापुढे येऊन उभा राहिला. "साहेब, रस्ता एकाचे दोन दिसतायत. तासभर पडू द्या, संध्याकाळी दोन फेऱ्या जास्त मारीन."

"तोंडावर पाणी मार," सबनीस मान वर न करता म्हणाले. "मला बघ. मी पडतो का कधी?"

"तुम्ही खुर्चीवर असता, साहेब."

"जा म्हटलं ना!"

मी तिथेच बसलो होतो. टाईप करत राहिलो.

तासाभरात बातमी आली. सरळसोट रस्ता, समोर दुसरी गाडी नाही, आणि लॉरी रस्ता सोडून वाळूत उलटली होती. इब्राहिमभाईचा उजवा हात कोपरापासून काढावा लागला. मी इस्पितळात गेलो तेव्हा तो शुद्धीवर होता. म्हणाला, "भाऊ, काय झालं ते ठाऊकच नाही. पण त्या घटकेला झोप इतकी गोड लागली होती, काय सांगू."

सबनीसांनी अहवाल सांगितला: "ड्रायव्हरच्या निष्काळजीपणामुळे." मी तो टाईप केला. नोकरी जाईल या भीतीनं माझी बोटं निमूट चालली. तेव्हा सबनीसांची किळस आली होती, पण सगळी त्यांचीच नव्हती.

आमचे म्हातारे कुवेती मालक तरुणपणी गलबतांवरून मुंबईला येजा केलेले, हिंदी उत्तम बोलत. आम्ही अहवाल द्यायला गेलो तेव्हा त्यांनी आम्हा दोघांना समोर उभं केलं आणि एकच विचारलं, "तो त्याआधी झोपला कधी होता?"

मीच म्हणालो, "त्यानं झोप मागितली होती. यांनी दिली नाही."

मालक कागद बाजूला सारून सबनीसांकडे वळले. "आमच्या गलबतावर सुकाणूवाल्याला झोप येत नसेल तर आम्ही दरडावून झोपवायचो. त्याच्या डोळ्यांवर सगळ्यांचा जीव. तू काय समजलास, शूर आहेस? जा, त्याची माफी माग."

दुसऱ्या दुपारी मी सबनीसांना घेऊन इस्पितळात गेलो. इब्राहिमभाई गाढ झोपला होता, कित्येक दिवसांनी. सबनीसांनी त्याला हलवायला हात पुढे केला.

"उठवतो. चारला कचेरी उघडायचीय मला."

मी त्यांचं मनगट धरलं. "झोपू द्या. तुम्ही बसा."

ते स्टुलावर बसले. दोनदा घड्याळ पाहिलं, रुमालानं मान पुसली, पाय हलवला. ज्याचा हात आपण घालवला त्याच्या झोपेसाठीसुद्धा या माणसाला पाच मिनिटं निघेनात. "मी मागाहून येतो," म्हणाले आणि उठून चालते झाले. मागाहून ते कधीच आले नाहीत. महिन्याभरात मालकांनी त्यांना मुंबईच्या बोटीत बसवलं.

त्या दिवशी इब्राहिमभाई जागा झाला तेव्हा उन्हं उतरली होती. चेहऱ्यावर तरतरी आली होती. रिकाम्या स्टुलाकडे पाहून त्यानं विचारलं, "कोण आलं होतं, भाऊ?"

"कोणी नाही," मी म्हणालो.